हार्पर्स फेरी म्हणजे फक्त फोटो पॉइंट नाही

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातलं हार्पर्स फेरी हे छोटं गाव वॉशिंग्टनहून येऊन तासाभरात उरका असं त्यावरच्या लेखात म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. अहो पोटोमॅक आणि शेनान्डोह नद्यांचा संगम बघून लगेच काय निघायचं, वर चढून स्टोरर कॉलेजच्या आवारात जा ना, गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी १८६७ मध्ये सुरू झालेलं, १९०६ ला कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस वगैरे मंडळी समान हक्कांसाठी इथेच जमलेली. आणि १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उठाव करणारा जॉन ब्राउन शेवटपर्यंत लढला तो विटांचा छोटासा बंबखाना, तो तर उचलून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाला नेलेला, परत आणला तरी मूळ जागेवर नाही बसवता आला कारण तिथे रेल्वेचा भराव. गावात ३०० पण माणसं राहत नाहीत, तेव्हा प्लीज गाडी व्हिजिटर सेंटरला लावा आणि शटलने खाली या.