आठ वनस्पतींची कॅप्सूल आणि जेवणानंतरची साखर

गेल्या काही महिन्यांत मधुमेहावरचा हा मजकूर मला चौघांनी तरी पाठवला. शब्द इकडचे तिकडे, सांगणं एकच: ‘दालचिनी, मेथी, गुडमार, तुतीची पानं, कारलं, दारुहळदीतलं बर्बेरिन, सप्तरंगी आणि पांढरा घेवडा यांच्या अर्काची कॅप्सूल जेवणानंतर घ्या. खाल्लेली साखर रक्तात उतरतच नाही. पूर्ण नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य. मेटफॉर्मिनही मुळात वनस्पतीतूनच आलं. तीन महिन्यांत गोळ्या सुटतात.’ (मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी.)

सगळंच खोटं असतं तर लिहीत बसलो नसतो. पंचाईत अशी की यातलं बरंच अर्धं खरं आहे.

‘साखर रक्तात उतरतच नाही.’ पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे आधी अमायलेज हे विकर (एन्झाइम) करतं, मग आतड्याच्या अस्तरावरची अल्फा-ग्लुकोसायडेज विकरं त्यांचं ग्लुकोज करतात. घेवड्यातला एक प्रथिन घटक अमायलेजला अडवतो. तुतीच्या पानातलं डीएनजे आणि सप्तरंगीतलं सॅलॅसिनॉल ही द्रव्यं पुढच्या पायरीवर आडवी येतात. अकार्बोज हे डॉक्टर लिहून देतात ते औषधही त्याच पायरीवर काम करतं, त्यामुळे यंत्रणा काल्पनिक नाही. पण ती मुख्यतः पचन लांबवते. जेवणानंतरचा रक्तातल्या साखरेचा चढ थोडा बुटका आणि पसरट होतो, नाहीसा होत नाही. शिवाय अमायलेजचा संबंध फक्त पिष्टाशी. गोडातल्या साखरेला घेवडा हात लावत नाही, आणि आयतं ग्लुकोज खाल्लं तर तोडायला काही उरतच नाही. घेवड्याच्या अशा गोळ्या अमेरिकेत ‘स्टार्च ब्लॉकर’ म्हणून धडाक्यात खपल्या होत्या. १९८२ साली संशोधकांनी गोळीसह पिष्टमय जेवण दिलं आणि न पचता बाहेर पडलेले उष्मांक मोजले. गोळीमुळे त्यांत काही फरक पडला नव्हता. त्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने विक्री थांबवायला सांगितलं. नंतरचे अर्क जास्त शुद्ध आहेत, काही लहान चाचण्यांत चढ थोडा कमी झालाही. ‘उतरतच नाही’ यापासून मात्र ते फार लांब आहे.

‘जेवणानंतर घ्या.’ हे वाचून हसू आलं. विकरांना अडवणारा घटक अन्नाच्या सोबतच आतड्यात पोचायला हवा. अकार्बोज पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगतात ते यासाठीच. जेवण उरकल्यावर घेतलेली कॅप्सूल म्हणजे वरातीमागून घोडं. गुडमारचा सर्वात खात्रीचा परिणाम तर जिभेवरचा आहे: त्यातली जिम्नेमिक आम्लं अर्धा-पाऊण तास गोड चव लागू देत नाहीत. कॅप्सूल जिभेला चुकवून थेट पोटात जाते, म्हणजे तोही गेला.

मात्रेबद्दल मजकुरात चकार शब्द नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पाठवणाऱ्यांपैकी एकाकडे मी लेबलचा फोटो मागितला. आठ नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन, ६०० मिलिग्रॅम. सरासरी काढली तर प्रत्येकी ७५. मेथीचा जेवणानंतरच्या साखरेवर परिणाम होतो तो मुख्यतः तिच्या बुळबुळीत तंतूमुळे. हा तंतू पोटातलं अन्न घट्ट करून ग्लुकोजचं शोषण लांबवतो, आणि त्याला काही ग्रॅम तरी मेथी लागते. अर्क काढला म्हणून चिमूटभर तंतू ओंजळभर होत नाही. बर्बेरिनचा ज्या चाचणीवरून गवगवा होतो ती २००८ सालची. त्यात ते दिवसाला १५०० मिलिग्रॅम दिलं होतं, नव्याने मधुमेह झालेले ३६ जण होते आणि मुदत तीन महिने. निकाल मेटफॉर्मिनच्या जवळपासचा होता, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक अर्काला सरासरी ७५ मिलिग्रॅम देणाऱ्या कॅप्सूलला त्या निकालाचा आधार कसा घेता येईल?

‘मेटफॉर्मिनही वनस्पतीतूनच.’ धागा खरा आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झाडात गॅलेजिन सापडलं, ते साखर उतरवायचं, पण विषारी निघालं. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. म्हणजे गोष्ट मूळ वनस्पती मागे ठेवण्याची आहे, तिच्याकडे परतण्याची नव्हे. आणि हे झाड त्या आठांच्या यादीत नाहीच!

दालचिनी आणि कारलं थोडक्यात: मधुमेहासाठी दोन्हींचे कोक्रेन आढावे (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारे अहवाल) २०१२ सालचे, आणि दोन्हींचा निष्कर्ष पुरावा अपुरा असल्याचा.

‘दुष्परिणाम शून्य.’ जे शरीरात काही बदलतं ते नको तिथेही बदलू शकतं. बाजारातली बरीच दालचिनी कॅशिया जातीची असते. तिच्यातलं कुमारिन जास्त झालं तर काहींच्या यकृताला बाधतं. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. बर्बेरिन गरोदरपणात टाळतात, आणि सायक्लोस्पोरिनसारख्या (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या) औषधांची रक्तातली पातळी ते वाढवतं. आणि ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या डबीत काय असेल याचीही खात्री नसते. सिंगापूरमध्ये २००८ साली मधुमेह नसलेले शंभरावर लोक साखर धोकादायक उतरून रुग्णालयात आले, काही दगावले. त्यांनी घेतलेल्या लैंगिक शक्तिवर्धकांत मधुमेहाचंच औषध, ग्लिबेनक्लामाइड, मिसळलेलं होतं. त्यांत वनौषधी म्हणून विकलेलीही होती.

‘गोळ्या सुटतात’ यावर एवढंच की सकाळची उपाशीपोटीची साखर बरीचशी यकृत रात्रभर सोडत असतं. आतड्यातल्या विकरांना अडवून तिच्यावर थेट काही होत नाही.

उलट गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून वर ही कॅप्सूल घेणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. साखर एकदम उतरून घाम फुटला, हात थरथरले, तर आपण साखर तोंडात टाकतो. अकार्बोज घेणाऱ्यांना अशा वेळी साधी साखर नव्हे, ग्लुकोज घ्यायला सांगतात, कारण साखर फोडणारं विकरच अडवलेलं असतं. तुती आणि सप्तरंगीचं काम त्याच विकरांवर चालतं. कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना तिचं लेबल दाखवा आणि ग्लुकोजची पूड जवळ ठेवा.