खातं मागा, पण डेस्कटॉप दिसल्यावर

विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना ऑनलाइन, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं, खातं सक्तीचं का, हा विषय निघाला की चर्चा लगेच प्रायव्हसीवर जाते. तो मुद्दा आहेच. पण मशीन फॉरमॅट मारणाऱ्या माणसाला त्याआधी दुसरीच गोष्ट खटकते: खातं मागायची वेळ. सेटअपच्या पडद्यासमोर तुमच्या हातात काहीच नसतं. ब्राउझर नाही, फाइल उघडता येत नाही, वाय-फायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) बसला आहे की नाही याचीही खात्री नाही. नेमक्या त्या क्षणी ‘साइन इन करा’ असा पडदा येतो आणि ‘नंतर करतो’ म्हणायला बटणच नसतं. खातं असावं की नसावं यावर माझं भांडण नाही. ते डेस्कटॉप दिसल्यावर विचारा, एवढंच म्हणणं आहे.

हे एका दिवसात झालं नाही. विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ साली, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करायची सोय आली. तेव्हा ती सोयच होती. विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांत होम एडिशनवर (घरगुती आवृत्तीवर; तिच्या वरची ती प्रो) नेट जोडलेलं असलं की लोकल खात्याचा, म्हणजे फक्त त्या मशीनपुरत्या खात्याचा, पर्याय दिसेनासा झाला, पण लॅनची वायर काढली की तो परत यायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि होमला नेट व खातं दोन्ही सक्तीचं झालं. सप्टेंबर २०२२ च्या २२एच२ या अपडेटमध्ये घरगुती वापरासाठी सेट केलेल्या प्रोलाही तीच अट लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा ‘आम्ही जुन्यावरच राहतो’ ही पळवाटही आक्रसली.

पळवाटांचंही तसंच. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायची, ‘ओओबीई\बायपासएनआरओ’ टाइप करायचं, मशीन रीस्टार्ट झालं की ‘माझ्याकडे इंटरनेट नाही’ हा पर्याय येतो. वर्षानुवर्षं हे चाललं. मार्च २०२५ च्या चाचणी आवृत्तीतून ती छोटी स्क्रिप्ट फाइल काढून टाकली. ती फाइल करत काय होती? रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद टाकून मशीन रीस्टार्ट करायची, बस. त्यामुळे लोक ती नोंद हाताने टाकू लागले. मग ‘स्टार्ट एमएस-सीएक्सएच:लोकलओन्ली’ ही कमांड सगळ्यांना कळली, तर ऑक्टोबर २०२५ च्या चाचणी आवृत्तीत तिचंही दार बंद. मायक्रोसॉफ्टने कारण असं दिलं की या वाटांनी गेल्यावर सेटअपचे महत्त्वाचे पडदे चुकून वगळले जातात आणि मशीन अर्धवट तयार राहतं. अहो, मग ते पडदे लोकल खातं घेणाऱ्यालाही दाखवा ना! त्यासाठी खात्याची अट कशाला?

आता ड्रायव्हरचा घोळ. नव्या लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड इन्स्टॉलरमधल्या ड्रायव्हरपेक्षा नवं असतं, त्यामुळे नेटवर्कच्या पडद्यावर यादी रिकामी येते. लॅनचं पोर्ट हल्ली अनेक लॅपटॉपना नसतंच. नेटशिवाय पुढे जाता येत नाही आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं. यातून सुटायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग (फोनचं नेट केबलने मशीनला देणं) चालू करणं. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, मशीनला ती लॅनची जोडणी वाटते. हॉटस्पॉट इथे कामाचा नाही, कारण तो पकडायलाही वाय-फाय कार्डच चाललं पाहिजे. दुसरा मार्ग: लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आधीच उतरवून, उलगडून, आयएनएफ फाइलसकट पेनड्राइव्हवर ठेवणं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नेटवर्कच्या पडद्यावर ड्रायव्हर बसवायचं बटण मिळतं, तिथून तो फोल्डर दाखवायचा. जुन्या आयएसओवर (इन्स्टॉलरच्या फाइलवर) काळ्या खिडकीतून ‘पीएनपीयुटिल’ कमांडने तेच होतं. फक्त ईएक्सई फाइल घेऊन गेलात तर बटणाला तिचा काही उपयोग नाही, हे लक्षात असू द्या. आणि काळी खिडकी उघडतच नसेल तर घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन सुद्धा दाबावं लागतं, शिवाय आधी सेटअपच्या पडद्यावर एकदा क्लिक केलेलं असावं लागतं.

फोल्डरच्या नावाची गोष्ट छोटी आहे, पण आयुष्यभर टोचते. ऑनलाइन खात्याने सेटअप केलं की सी ड्राइव्हमधल्या यूजर फोल्डरचं नाव ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं. नंतर सेटिंग्जमध्ये नाव बदललं तरी फोल्डर तोच राहतो, आणि तो हाताने बदलायला गेलात तर त्या मार्गावर अवलंबून असलेले प्रोग्राम मोडतात. लोकल खातं करताना हे आपल्या हातात असतं: रोमन लिपीत, स्पेस न देता, २० अक्षरांच्या आत नाव द्या. देवनागरी नाव विंडोजला चालतं, पण जुने कंपायलर आणि काही इन्स्टॉलर त्या मार्गावर अडखळतात.

आता खरा धोका. २४एच२ पासून नवं इन्स्टॉलेशन केलं की पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) आपोआप सुरू होतं, कारण त्यासाठीच्या हार्डवेअरच्या काही अटी शिथिल केल्या आहेत. त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर उघडायची किल्ली, ४८ अंकी असते आणि ती पहिल्यांदा साइन इन करणाऱ्या ॲडमिनच्या ऑनलाइन खात्यात जाऊन बसते. पुन्हा वाचा: पहिल्यांदा साइन इन करणाऱ्याच्या. दुरुस्तीवाल्याने घाईत स्वतःच्या खात्याने सेटअप उरकला, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात. त्याने तुमच्यासाठी जागच्या जागी एक नवा ईमेल काढला आणि पासवर्ड कुणी लिहून ठेवला नाही, तर किल्ली अशा खात्यात, जे कुणालाच उघडता येणार नाही. पिनने रोज लॉगइन होत असतं, त्यामुळे कित्येक महिने कुणाला पत्ताही लागत नाही.

मग एके दिवशी बायोस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट होतं, किंवा त्यातली सिक्युअर बूटची सेटिंग बदलली जाते, किंवा मदरबोर्ड बदलावा लागतो. मदरबोर्डवरची टीपीएम ही सुरक्षा-चिप बूट होताना मशीनची स्थिती तपासून किल्ली सोडते. स्थिती बदलली की ती किल्ली सोडत नाही आणि निळा पडदा ४८ अंक मागतो. मदरबोर्डच गेला तर ती चिपही त्याच्यासोबत गेली. अंक नसतील तर डेटा गेला. डेटा रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही, कारण डिस्क ठणठणीत असते, फक्त वाचता येत नाही. एन्क्रिप्शन ही उत्तम गोष्ट आहे. मालकाला न सांगता ती चालू करणं आणि किल्ली कुणाच्याही खात्यात ठेवून देणं, ही नाही.

म्हणून मशीन दुरुस्तीहून किंवा नव्याने हातात आलं की आधी हे करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ टाका. सी ड्राइव्हवर संरक्षण चालू दिसलं तर ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ टाका. ४८ अंक समोर येतील, सहा-सहाच्या आठ गटांत. ते कागदावर लिहा किंवा दुसऱ्या मशीनवर साठवा. सोबतचा की आयडीही लिहा, कारण निळा पडदा तोच दाखवतो आणि घरात दोन-तीन मशीन असली की कुठली किल्ली कुणाची हे त्यावरूनच कळतं. बायोस अपडेट करण्यापूर्वी त्याच कमांडमध्ये ‘-गेट सी:’ च्या जागी ‘-डिसेबल सी:’ टाकून संरक्षण तात्पुरतं थांबवा. रीस्टार्टनंतर ते आपसूक पुन्हा चालू होतं.

प्रो असेल तर सेटअपमध्ये एक अधिकृत वाट अजून आहे. ‘ऑफिस किंवा शाळेसाठी’ हा पर्याय निवडा, साइन-इन ऑप्शन्समध्ये जा आणि डोमेन (ऑफिसचं नेटवर्क) जॉइनचा पर्याय घ्या. डोमेन वगैरे काही लागत नाही, सरळ लोकल खात्याचं नाव विचारलं जातं. होमसाठी रुफस हे इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवणारं मोफत साधन वापरा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि अधिकृत आयएसओ घेऊन स्टार्ट दाबलं की ते पर्यायांची चौकट दाखवतं: ऑनलाइन खात्याची अट काढा, या नावाचं लोकल खातं तयार करा, आपोआप होणारं एन्क्रिप्शन बंद ठेवा. नुसतीच अट काढायची खूण केली असेल तर सेटअपच्या वेळी नेट जोडायचं नाही, नाहीतर खात्याचा पडदा पुन्हा हजर. लोकल खात्याची खूणही केलेली बरी.

रुफस विंडोजवरच चालतं. लिनक्स किंवा मॅकवरून पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांनी ‘ऑटोअनअटेंड’ नावाची एक्सएमएल उत्तर-फाइल पेनड्राइव्हच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, ठेवावी. तिच्यात लोकल खात्याचं नाव आणि त्याचा ॲडमिनिस्ट्रेटर्स गट लिहिलेला असतो, सेटअप तिथून उत्तरं उचलतो. फाइलमधलं प्रोसेसरचं नाव मशीनशी जुळलं पाहिजे: नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनसाठी एएमडी६४, आर्म मशीनसाठी आर्म६४. जुळलं नाही तर तो भाग गुपचूप वगळला जातो आणि माणूस तासभर चूक शोधत बसतो. पासवर्ड त्या फाइलमध्ये ठेवू नका, ती साधी मजकुराची फाइल आहे. पासवर्ड रिकामा सोडा आणि डेस्कटॉप आल्यावर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून तो लावा. सेटअपच्या पडद्यावर हाताने लोकल खातं करतानाही हीच युक्ती, कारण तिथे पासवर्ड दिला की तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय सुटका नाही.

खात्याने सेटअप आधीच झाला असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथे जाऊन लोकल खात्यावर येता येतं. त्याआधी वरची किल्ली लिहून घ्या आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) तपासा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर त्यात गेलेले असू शकतात, आणि मोफत जागा ५ जीबीच. फाइल परत आपल्या डिस्कवर आल्यात याची खात्री झाल्यावरच ते अनलिंक करा.

बाकीच्यांची परिस्थिती? मॅकओएसमध्ये ॲपलचं खातं ‘नंतर’ म्हणून टाळता येतं, मात्र ॲपलच्या चिपवाला मॅक पूर्ण पुसला तर ॲक्टिव्हेशनसाठी नेट लागतंच. क्रोमबुकची सगळी रचनाच खात्याभोवती आहे, पण ते विकत घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. डेबियन, फेडोरा, उबुंटू वगैरे लिनक्स यूजरचं नाव आणि पासवर्ड विचारतात आणि पुढे जातात. म्हणजे तांत्रिक अडचण नाही, ठरवण्याचा प्रश्न आहे.

खात्याच्या बाजूनेही बोलायला हवं. लायसन्स खात्याशी जोडलेलं असलं की मदरबोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन सोपं जातं. हरवलेलं मशीन शोधता येतं. विसराळू माणसाची किल्ली खात्यात असणं हे ती कुठेच नसण्यापेक्षा बरं. हे फायदे खरे आहेत, म्हणून तर ते सांगून पटवता आले असते.

सगळ्यात चीड येते ती होम एडिशनच्या एका खोचीची. लोकल खातं घेतलं आणि आपोआप एन्क्रिप्शन बंद केलेलं नसेल, तर डेटा एन्क्रिप्ट होतो, पण त्याची किल्ली डिस्कवरच उघडी पडून असते. खात्याने साइन इन केल्यावरच ती झाकली जाते. कुलूप लावलंय आणि चावी त्यालाच लटकवलीय, असा प्रकार. प्रोमध्ये बिटलॉकरची, म्हणजे तिथल्या डिस्क एन्क्रिप्शनची, किल्ली फाइलमध्ये किंवा छापील कागदावर घेता येते. होममध्ये ही सोय सेटिंग्जमधून मिळत नाही. त्यामुळे होमवर खात्याशिवाय डिस्क खरोखर बंद ठेवायची असेल तर सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, डिस्कवरचं एन्क्रिप्शन पूर्ण उतरू द्या आणि मग व्हेराक्रिप्ट या वेगळ्या एन्क्रिप्शन प्रोग्रामने सिस्टिम ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा. ते सुरुवातीलाच रेस्क्यू डिस्क बनवायला लावतं. ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर काढा, तिच्यावरून मशीन बूट होतंय का ते पाहा, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.