सोलापूर मराठवाड्यात नाही

‘सोलापूर खरं तर मराठवाड्यातच, पश्चिम महाराष्ट्रात उगाच धरतात. निजामाचा मुलूख, कायम दुष्काळ आणि धड नदीही नाही,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. आपलीच सोलापूरची माणसं तो पुढे पाठवतात, याचं जास्त वाईट वाटतं.

निजामाचं आधी. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. सोलापूर शहर मुंबई इलाख्यात, थेट इंग्रजांच्या अमलाखाली. म्हणून तर मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथे मार्शल लॉ पुकारला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्यांनी तरी निजामाचं नाव घेऊ नये.

नदी नाही म्हणे! भीमा जिल्ह्याच्या मधून वाहते, तिच्यावर उजनी धरण आहे, पंढरपुरात तीच चंद्रभागा. सीना शहराच्या पश्चिमेकडून येऊन हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. त्या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. हे सगळं पाणी पुढे कृष्णेला जातं. मराठवाड्याचं बहुतेक पाणी जातं गोदावरीला. परंडा, भूम, आष्टीकडचं पाणी सीनेत येतं हे खरं, पण तेवढ्यावरून सोलापूर मराठवाड्यात जात नाही.

दुष्काळ आहे, तो नाकारायचाच नाही. पण तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा. सांगोल्याला लागून आटपाडी, पलीकडे माण, खटाव, जत, हा सांगली-साताऱ्याकडचा सगळा तोच पट्टा. त्यांना कोणी मराठवाडा म्हणत नाही. उलट मराठवाड्यातल्या नांदेडला सोलापूरपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. हवामान खातंही सोलापूरला मध्य महाराष्ट्रात धरतं, मराठवाडा हा त्यांचा वेगळा उपविभाग.

महसुली विभाग पुणे. २००४ ला स्वतःचं विद्यापीठ होईपर्यंत आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती.

तुळजापूर जवळ आहे, आणि बार्शीला मराठवाड्याचं प्रवेशद्वार म्हणतात ते बरोबरच. लातूर-धाराशिवचे लोक दवाखान्याला, बाजाराला इथे येतात, ते आपलेच आहेत. मराठवाडा कमी, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण विकासाच्या निधीचं समन्यायी वाटप व्हावं म्हणून मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ वेगळं झालं, सोलापूर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त राहिलं. आपल्या मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांसाठी पाणी मागायचं तर ते उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्यातूनच मागावं लागेल, आणि तिथला आपला हक्क आपणच असे मेसेज पाठवून सोडू नये.