खोडरबर मारलं का?

मदरबोर्डच्या कडेला एक बारीक दिवा असतो. शेजारी मुंगीच्या अक्षरात 'डीरॅम' लिहिलेलं. रॅमचं काही अडलं की तो पेटतो. काल अख्खी संध्याकाळ तो माझ्याकडे टक लावून बघत होता. गुन्हा एवढाच, की रॅमच्या आधीच्या दोन 16 जीबीच्या स्टिकांना तशाच आणखी दोन जोडल्या होत्या. कंपनी तीच, मॉडेल नंबर तोच, अगदी जुळी भावंडं. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर.

आणि नेमके तेव्हाच शेजारचे काका चार्जर मागायला आले.

"खोडरबर मारलं का?"

"काका, नवीन आहेत. आत्ताच पाकिटातून काढल्यात."

"नव्यालाच मारावं लागतं."

यावर काय बोलणार? मी बोलेपर्यंत ते घरी जाऊन रबर घेऊनही आले. जुन्या, काळवंडलेल्या पिनांना रबराचा कधी उपयोग होतो, नाही असं नाही. पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवीनच दुखणं मागे लागतं, आणि जोरात घासलं तर पिनांवरचा सोन्याचा मुलामाही झिजतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं. हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बंद करून चालू कर."

इथं खरी चूक झाली, आणि ती माझी. डीडीआर5 या नव्या पिढीच्या मेमरीत रॅम बदलली की बोर्ड पहिल्यांदा 'ट्रेनिंग' करतो, म्हणजे एकेका सिग्नलची वेळ लावून बघतो. चार स्टिका असल्या की त्यात कित्येक मिनिटं जातात. तोवर स्क्रीन काळी, दिवा चालू. बघणाऱ्याला वाटतं मेलाच. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला हे पाठ आहे. तरीही काकांच्या तोंडाकडे बघून मी तीनदा बटण दाबलं. तिसऱ्या खेपेला तर, निव्वळ ते गप्प बसावेत म्हणून, एका स्टिकवरून रबरही फिरवलं.

मग काकांना फोन आला. ते गॅलरीत गेले आणि अकरा मिनिटं बोलत राहिले. बटणाला कुणाचाच हात लागला नाही, आणि मशीन सुरू झालं.

"बघ," काका आत येत म्हणाले. "रबर."

सुरू झालं खरं, पण रॅमचा वेग 3600 वर. खोक्यावर ठळक 6000 छापलंय! काकांनी स्क्रीनवरचा आकडा वाचला, "हे तर 1800च दाखवतंय." रॅमच्या आतल्या घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून 1800 चे 3600 होतात, हे समजावायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. एक्सपो प्रोफाइल, म्हणजे खोक्यावरचा वेग लावणारी तयार सेटिंग, चालू केलं, तर पुन्हा तोच दिवा. वीज काढली, बोर्डाच्या सेटिंग पुसायला सीमॉसच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरनं दहा सेकंद जोडल्या, आणि परत ट्रेनिंग.

मुळात 6000 हे ओव्हरक्लॉक आहे, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त पळवणं. माझ्या प्रोसेसरच्या, एएमडीच्या रायझन 7000 मालिकेचा अधिकृत आकडा दोन स्टिकांना 5200 आणि चार स्टिकांना 3600. एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, दोन स्टिका लटकल्या की सिग्नल बिघडतो, मग वेग उतरवावाच लागतो. शिवाय मॉडेल नंबर तोच असला तरी आतली चिप एका खेपेला हायनिक्सची, दुसऱ्या खेपेला सॅमसंगची असू शकते. दोन जोड्या म्हणजे चारांचा संच नव्हे. बोर्डाच्या सुसंगत मेमरीच्या यादीत कोणता संच किती स्लॉटांत तपासलाय तेही लिहिलेलं असतं, पण खोक्यावरच्या ठळक अक्षरांपुढे ती यादी वाचतो कोण? आणि चार स्टिका लावल्यावर वेगाची अशी वाट लागणार असेल, तर चार स्लॉट दिलेत तरी कशाला? शोभेला?

शेवटी नव्या दोन काढल्या. जुन्या दोन, प्रोसेसरच्या बाजूने मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात, म्हणजे ए2 आणि बी2 मध्ये, परत बसवल्या. पहिल्या आणि तिसऱ्यात बसवल्या तर तारेचं पुढचं टोक रिकामं लोंबकळतं आणि सिग्नल तिथून आपटून मागे येतो. मग रात्रभर मेमटेस्ट, ही रॅम तपासणारी चाचणी, लावून ठेवली. एकही चूक नाही, वेग 6000.

नव्या स्टिका टेबलावर पडून आहेत. शेजारी काकांचं खोडरबर. ते न्यायला उद्या येतो म्हणालेत. चार्जर न्यायचा राहिला, तोही.