खुलासा : ‘टेक्स्ट’ केल्याने पोस्टल कोडचं गेलेलं शून्य परत येत नाही

‘एक्सेलमध्ये पोस्टल कोडच्या सुरुवातीचं शून्य उडालं, तर कॉलम निवडून फॉरमॅट टेक्स्ट करा, शून्य परत येतं’ हा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या बॉस्टनचा पोस्टल कोड ०२१०८ टाइप करून एंटर दाबलं की एक्सेल त्याला संख्या समजून २१०८ एवढंच साठवतं. नंतर टेक्स्ट केलं, तरी सेलमध्ये २१०८च राहतं, फार तर डावीकडे सरकतं. फॉरमॅट आधी बदलायचा, कोड मग भरायचा. एखाद-दुसराच कोड असेल, तर कोडच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह (') द्या.

कस्टम फॉरमॅटमध्ये पाच शून्यं दिली की ०२१०८ दिसतं खरं, पण ते फक्त दिसण्यापुरतं. आतली किंमत २१०८च असते, म्हणून टेक्स्ट कोडांच्या यादीशी जुळवताना व्हीलुकअप (यादीत किंमत शोधणारं फंक्शन) हमखास फसतं.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या माहितीची साधी फाइल) उघडायला तिच्यावर डबल क्लिक तर करूच नका, सगळ्यात जास्त शून्यं तिथेच जातात. डेटा मेनूतून फाइल आयात करा आणि त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठेवा.

आधीच गेलेली शून्यं टेक्स्ट फंक्शनला पाच शून्यांचा साचा देऊन भरता येतात, मात्र सगळे कोड पाच अंकीच असतील तरच. वेगवेगळ्या देशांचे पत्ते एकत्र असतील, तर मूळ फाइलकडेच जा.