बजेट काय पकडलंय?

"बजेट काय पकडलंय, सर?" लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात शिरल्या शिरल्या हाच प्रश्न आला. मी "वीस हजार" म्हणालो. ही रक्कम आमच्या घरी हळू आवाजात उच्चारली जाते. ॲम्प्लिफायर मेहुण्याने घर बदलताना दिलेला, म्हणजे फुकट. हवी होती फक्त बुकशेल्फ स्पीकरची एक जोडी. विक्रेत्याचा चेहरा अजिबात हलला नाही. हात मात्र हलला. गालिचा घातलेल्या, एसी लावलेल्या काचेच्या खोलीची मूठ त्याने धरली होती, ती सोडली.

"मग आपण इकडेच ऐकू या ना."

इकडे म्हणजे काउंटर आणि शटर यांच्यामधला बोळ. तिथे उभं राहून बाहेरच्या टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न फार स्वच्छ ऐकू येत होता. काचेपलीकडे एक गृहस्थ सोफ्यावर रेलून, डोळे मिटून, हातात चहाचा कप घेऊन काहीतरी ऐकत होते. त्यांनी आकडा किती सांगितला असेल, याचा हिशोब मी अजून करतोय.

सुरुवातीला मला एक ब्लूटूथवालं खोकं दाखवण्यात आलं. वर सोनेरी अक्षरांत '५००० वॅट पीएमपीओ', म्हणजे जाहिरातीपुरता फुगवलेला कमाल आकडा. मागे ॲडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे भिंतीतून येणार २४ वॅट आणि बाहेर पडणार ५०००! आमचा गीझर दोन हजार वॅट खातो आणि तो लावला की मीटर गरागरा फिरतो. हे मी बोलून दाखवलं. विक्रेता म्हणाला, "सर, ते म्युझिकचे वॅट वेगळे."

नको म्हटल्यावर दोन जोड्या आल्या. एक माझ्या बजेटातली, एक साडेसात हजारांनी वरची. महागडी लावताना त्याने व्हॉल्यूमची खुंटी नकळत, अगदी नखभर, पुढे सरकवली. जरासा मोठा आवाज कानाला बहुतेकदा चांगला वाटतो, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतं. मी खुंटी मागे नेली. त्याने पुढे आणली. हा खेळ चालू असताना मागून आवाज आला, "थांबा, थांबा. डावीकडून जे येतंय तेच उजवीकडून येतंय."

एक काका होते. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, हातात सेट-टॉप बॉक्सचा मेलेला रिमोट. तसलाच दुसरा घ्यायला आले होते. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली. ही माहिती त्यांनी न विचारता दिली. मी पेनड्राइव्हवर जुनी भावगीतं आणली होती. पन्नास-साठच्या दशकांतलं ध्वनिमुद्रण, म्हणजे मोनो. काकांचं म्हणणं शास्त्रोक्त बरोबर होतं, आणि हेच जास्त झोंबलं.

"मग दोन कशाला घेता?" काका म्हणाले. "एक घ्या. दहा हजार वाचले." आणि मी तोंड उघडायच्या आत विक्रेत्याला, "अहो, ह्यांना एकच द्या."

"सिंगल पीस येत नाही काका."

"का? चप्पल आहे का?"

मी म्हटलं, मी नवीनही ऐकतो. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मोबाइल काढला. त्यात शिट्टीसारखा सूर काढणारं एक ॲप होतं. माणूस असलं ॲप घेऊन रिमोट आणायला का निघतो, हे मला विचारता आलं नाही, कारण परीक्षा सुरू झाली होती.

"आठ हजार हर्ट्झ. येतंय?"

"येतंय."

"दहा हजार?"

"येतंय."

"बारा?"

"थोडं."

"चौदा?"

"लावा ना."

"लावलंय."

तेवढ्यात चहाचे कप गोळा करणारा पोरगा कानावर हात ठेवून म्हणाला, "बंद करा ना, किटकिट होतंय." तो अठरा-एकोणीसचा असेल. वय वाढतं तसे वरचे सूर आधी जातात, सगळ्यांचेच जातात, हे मला वाचून माहीत होतं. पण दुकानभर जाहीर व्हायचं काही कारण नव्हतं. काकांनी स्पीकरचं खोकं उलटं करून वाचलं, "५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ." आणि खणखणीत आवाजात विक्रेत्याला, "ह्यांना बाराच्या वरचं ऐकू येत नाही. वरच्या आठ हजारांचे पैसे वजा करा."

केबल घ्यायला आलेल्या एका बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला बसायला स्टूल मिळालं. चार पाहुण्यांदेखत आईने मार्क सांगावेत तसं झालं.

"टेलिफोनवर किती जातं माहितीये?" काका आता रंगात आले होते. "तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ. बस्स. अख्खी मुंबई तेवढ्यात बोलली. लग्नं जमली, मोडली, शेअर बुडाले. बास कमी आहे म्हणून एक तक्रार आली नाही माझ्याकडे."

"तुम्हाला कितीपर्यंत येतं?" मी सूड म्हणून विचारलं.

"सहा हजार," काका अभिमानाने म्हणाले. "म्हणून मी रेडिओ ऐकतो. खर्च नाही."

रिमोट मिळाला, काका गेले. त्या सगळ्या वेळात एकही गाणं धृपदाच्या पुढे गेलं नव्हतं. ऐकण्याची वस्तू घ्यायला आलो आणि फक्त बोलणं ऐकलं. शेवटी बजेटातली जोडी बांधून मागितली, तेव्हा कळलं की स्पीकरची वायर वेगळी, मीटरच्या भावाने, आणि वायरीच्या टोकाला लावायच्या बनाना पिना त्याहून वेगळ्या. काचेपलीकडचे गृहस्थ अजून डोळे मिटून होते. त्यांना वायरीचे पैसे कुणी मागितले नसणार, पैज लावतो.

यात माझा खरा राग कुणावर आहे, तो सांगतो. साडेपाच इंचांच्या वूफरमधून, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या तबकडीतून, डग्ग्याचा घुमारा जरा खाली उतरावा म्हणून मी हजार हजार रुपयांनी घासाघीस करतो, आणि डोंबिवलीत आमच्या गल्लीत वर्षातून कितीतरी रात्री त्याहून खालचा बास फुकट घरपोच येतो. ट्रकवर स्पीकरची भिंत रचलेली असते. खिडकीचं ग्रिल थरथरतं, फ्रीजवरची बरणी चालायला लागते. २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ अशी मर्यादा लिहिलेली आहे. रात्री दहानंतर पोलिसांना फोन केला की पलीकडून विचारतात, "तुमचं नाव काय?" ट्रकवाल्याचं विचारत नाहीत. त्याला कुणी बजेटही विचारत नाही. ते आपल्याच वर्गणीतून जातं.

आता घरचं. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे हवेत, ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारी छोटी तबकडी, कानाच्या उंचीला हवा, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. आमचा हॉल दहा फुटांचा. फूटभर पुढे आणले की कपाट उघडत नाही, म्हणून ते भिंतीला टेकले. स्पीकरच्या पाठीमागच्या भोकातून हवा भिंतीवर आपटून तबल्याचा ढोल झाला, तेव्हा दोन्ही भोकांत माझे मोजे कोंबले. हा उपाय जाणकार सांगतात, मी शोधलेला नाही. त्रिकोण आखल्यावर तिसरा कोन बरोबर बाथरूमच्या दारात आला.

तिथे खुर्ची टाकून बसतो. भीमसेनजींनी विलंबित ख्याल नुकता उलगडायला घेतलेला असतो आणि आतून आवाज येतो, "जरा सरका, मला बाहेर यायचंय." द्रुतपर्यंत मी अजून पोचलेलो नाही. घरात माणसं पाच आहेत.