"चकती सरकलीय" म्हणणाऱ्यांनो, जरा गप्प बसा

आज ऑफिसात तिशीही न ओलांडलेल्या एका पोरानं एमआरआयचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "संपलं. चकती सरकलीय." रिपोर्टात होतं काय, तर एल-४, एल-५च्या मधे, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला (तीच चकती) किरकोळ बल्ज, जरासा फुगवटा. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, नुसती कंबर आखडलेली. पण टेबलाभोवतीच्या चार शहाण्यांनी तोवर त्याला जन्मभर वाकायची बंदी घालून टाकली होती. डोकंच फिरलं माझं.

माझ्या ताईचं अस्संच केलं होतं लोकांनी. बादली उचलताना कमरेत उसण भरली. कुणीतरी फिल्म उजेडात धरून "मणक्यात गॅप आलाय" म्हणालं आणि बाई पलंगाला खिळली. कुशीवर वळायचं तर आधी श्वास रोखायची, मग पलंगाची कड घट्ट धरून इंच इंच सरकायची. उसण केव्हाच ओसरली असणार. भीती मात्र मुक्कामाला राहिली.

अहो, चकती म्हणजे काय साबणाची वडी आहे सटकायला? वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. फुगते, कधी तिची कड फाटून आतला गर बाहेर येतो, नस दाबतो. हे खरंच दुखतं. पण तो गर बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, हे कुणी सांगत नाही. २०१५ साली संशोधकांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्यांची स्कॅनं एकत्र तपासली, तर विशीतल्या ३० टक्के लोकांत असे बल्ज सापडले आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांत. म्हणजे निम्मं जग पलंगावर झोपवायचं का?

हो, माहीत आहे, सगळीच कंबरदुखी साधी नसते. लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातलं बळ गेलं तर तडक दवाखाना गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन, पडल्यावरचं दुखणंही दाखवाच. ऑपरेशननं सुटलेलेही आहेत, मान्य.

पण बाकीच्यांचं काय? ताईचा पट्टा झोपतानाही निघत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल स्पष्ट सांगितलंय की पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) हे सर्रास करायचे उपाय नाहीत. व्यायाम करा, हालते राहा. आमच्याकडे उलटं. आधी पट्टा, मग सक्तीची विश्रांती, आणि बाई महिनोन् महिने उठली नाही की "मनाचे खेळ आहेत हिचे."

हे वाक्य आठवलं की अजून राग येतो. झोप नाही, डोक्याला घोर, त्यात घरातली उणीदुणी, यानं दुखणं वाढतंच. म्हणून ते खोटं ठरत नाही. रात्री तोंडात पदर धरून रडायची ती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तिला उठवलं ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. फिल्मकडे पाहिलंसुद्धा नाही त्यांनी. "ताई, या खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवा." एवढंच. मग जिन्यापर्यंत, मग खालच्या फाटकापर्यंत. दुखत होतं, तरी चालवलं. आज ती नातवाला कडेवर घेते. अधूनमधून कंबर धरते तेव्हा शेक घेते आणि लागते कामाला.

त्या पोरालाही मी त्याच बाईंकडे धाडतोय. आणि कृपा करून कमेंटमध्ये मणका "बसवून देणाऱ्यांचे" नंबर टाकू नका. उडवणार आहे.